हरिबाच्या पेवातला मिलो

मळणवाडीच्या हरिबाला दोन गोष्टींचा भारी गर्व होता. एक त्याच्या दातांचा आणि दुसरा त्याच्या पेवाचा. साठी उलटली तरी एक दात हलला नव्हता, आणि आज्याच्या हातचं पेव तीन पिढ्यांत एकदाही ढासळलं नव्हतं. या दोन्ही गोष्टी दिवसातून चारदा कुणाला तरी ऐकवल्याशिवाय त्याला अन्न गोड लागत नसे. गाव म्हणायचं, हरिबाच्या तोंडाला झाकण नाही. ते खरंच होतं. पेवाला मात्र होतं.

पेव म्हणजे जमिनीच्या पोटातली कोठी. सांगलीच्या खाली कृष्णाकाठच्या घट्ट मातीत एक माणूस जेमतेम उतरेल एवढं तोंड ठेवायचं, पंधरा-वीस हात खोल खणत जायचं आणि खाली रांजणासारखं फुगवायचं. बुडाला नि कडेनं उसाचं पाचट लावायचं, आत हळद नाहीतर जोंधळा ओतायचा आणि तोंडावर शिळा ठेवून माती लिंपायची. आत वारा नाही, उंदीर नाही, किडा नाही. चार वर्षांनी उघडलं तरी माल ठेवला तसा निघायचा.

पण एक अट होती. आत जाईल तो माल खडखडीत वाळलेला पाहिजे. ओल आत गेली की माल तापतो, आंबतो आणि पेवात विषारी वाफ धरते. मग जो कोणी उतावळेपणानं खाली उतरतो तो वर येत नाही. म्हणून भरताना हरिबाचा दात आणि उघडताना हरिबाचा कंदील, असा मळणवाडीचा कायदा होता. प्रत्येक पोत्यातला दाणा तो दाताखाली धरायचा. कट्ट वाजला तर पोतं आत, नाही वाजला तर परत उन्हात. उघडल्यावर पेटता कंदील दोरीनं खाली सोडायचा. तो बुडापर्यंत जळत राहिला तरच माणूस उतरवायचा. सांगलीच्या पेठेतल्या बड्या हळदवाल्यालाही या कायद्यातून सूट नव्हती. ती पुढं सरकारला मिळाली, आणि हरिबानंच दिली.

ते साल सहासष्ट. पावसानं दगा दिला होता आणि देशाचं पोट परक्याच्या बोटीला बांधलेलं होतं. अमेरिकेत जनावरांपुढं टाकायची तांबडी ज्वारी मुंबईच्या धक्क्यावर उतरायची, तिथून आगगाडीनं इकडं यायची आणि रेशनच्या दुकानातून माणसांच्या ताटात पडायची. तिचं नाव मिलो. थापायला घेतली की भाकरी फाटायची, आणि भाजली की चामड्यासारखी चिवट व्हायची. लोक नावं ठेवत खात होते आणि खात खात नावं ठेवत होते.

अशात एकदम दोन बोटींचा माल आला आणि सरकारी गुदामं कमी पडली. देशात खायला धान्य नाही, आणि आलेलं ठेवायला जागा नाही! घरचं झालं थोडं आणि व्याह्यानं धाडलं घोडं, अशी साहेबलोकांची गत झाली. तेव्हा धान्याच्या खात्यातले एक साहेब जीपमधून मळणवाडीत आले. वय तिशीचं, डोळ्यांवर काळा चष्मा, पायात बूट आणि तोंडात ‘योजना’ हा एकच शब्द. त्यांनी कुठंतरी वाचलं होतं की आपल्या वाडवडिलांची साठवणीची पद्धत जगात भारी आहे. वाचलेलं विसरण्याआधी ते अमलात आणायची त्यांना घाई होती.

पेवाच्या तोंडाशी उभं राहून त्यांनी विचारलं, “बाबा, यात धान्य किती दिवस टिकतं?”

हरिबाला असा प्रश्न आयुष्यात कुणी मोठ्या माणसानं विचारला नव्हता. तो फुगला.

“दिवस? आवं सायेब, दिवस कसलं मोजताय! माझ्या पेवात काय बी ठेवा. सात वर्सांनी काडा. कोंबडा ठेवला तर आरवत भाईर येईल!”

हमाल हसले. साहेबही हसले, आणि हसता हसता त्यांनी वहीत लिहून घेतलं. पुढं त्यांच्या अहवालात आलं: ‘स्थानिक तज्ज्ञांच्या मते पेवातील धान्य सात वर्षे सुस्थितीत राहते.’ कोंबडा तेवढा गाळला होता. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. त्या दिवसापासून हरिबा सरकारदरबारी तज्ज्ञ झाला, आणि तज्ज्ञ झालेल्या माणसाला नंतर कुणी काही विचारत नाही.

चौथ्या दिवशी लॉऱ्या आल्या. वैशाखाचे शेवटचे दिवस होते. धुळा हमालानं पहिलं पोतं उसवलं. हा धुळा मिसरूड फुटल्यापासून पेवात उतरत आलेला, हरिबाच्या शब्दाबाहेर कधी न गेलेला. त्यानं ओंजळ पुढं केली. हरिबानं एक तांबडा दाणा उचलला, दाढेखाली धरला आणि दाबला. आवाज आला नाही. दाणा भिजल्या शेंगदाण्यासारखा दबला. हरिबानं दुसऱ्या पोत्यातला घेतला, तिसऱ्या पोत्यातला घेतला. दहा पोत्यांतली तीनच वाजली.

“सायेब, माल वला हाय,” तो म्हणाला. “आठ दिस उनात पसरू द्या. मग भरतो.”

साहेबांनी खिशातून एक घडी घातलेला इंग्रजी कागद काढला. “ओला कसा असेल? यावर लिहिलंय, ओलावा तेरा टक्के. तेरा टक्के म्हणजे कोरडा.”

“कवा लिवलंय?”

“बोट भरताना. तिकडच्या बंदरात, यंत्रानं मोजून.”

“आन् त्येच्यानंतर ती बोट कशावनं आली?”

साहेबांना प्रश्नाचा रोख कळेना. “समुद्रावरून. दुसरी कशावरून येणार?”

“तेच म्हणतोय मी.”

हमाल खाली मान घालून हसले. साहेबांचा चेहरा उतरला, पण कागद हातात असला की साहेबाला धीर असतो. ते म्हणाले, “हे बघा बाबा, आठ दिवस उन्हात पसरायला वरून मंजुरी लागते. ती यायला महिना जाईल, तोवर पाऊस येईल. मला वॅगन रिकाम्या करायच्या आहेत. हा सगळा साठा माण तालुक्यासाठी राखीव आहे, दिवाळीनंतर तिकडं वाटायचा. तुम्ही नाही भरलात तर मी दुसऱ्या गावात भरीन.”

माणचं नाव निघालं आणि हरिबाला लेक आठवली. त्याची एकुलती लेक अंजना म्हसवडच्या अलीकडच्या एका वाडीत दिली होती. सगळा खडकाळ मुलूख. दोन वर्षं तिथं कुसळंसुद्धा नीट उगवली नव्हती. नवरा पलटणीत, कुठल्यातरी बर्फाच्या डोंगरावर. घरात तीन पोरं आणि एक रेशनकार्ड. म्हणजे या पोत्यांतलं धान्य दिवाळीनंतर अंजनाच्या जात्यात पडणार होतं.

हरिबानं मनाशी हिशेब मांडला. दुसऱ्या गावात भरतील तर कुणी कसंही भरेल, कुणी कसंही काढेल. आपल्या पेवात असलं तर आपल्या डोळ्यांखाली राहील. पाचट दुप्पट लावू, तोंड चांगलं लिंपू. लेकीचं अन्न बापाच्या हाताखालून जाईल. काळीज मध्ये आलं आणि चाळीस वर्षांची दाताची अक्कल मागं पडली. दुसऱ्या कुणी असा ओला माल आणला असता तर हरिबानं त्याची सात पिढ्यांची धुणी धुतली असती. इथं तो म्हणाला, “आणा रं पोती.”

धुळा त्याच्या तोंडाकडं बघतच राहिला. “तात्या, वाजला न्हाई की दाणा.”

“मी भर म्हणतो तर भर,” हरिबा खेकसला. ज्याला स्वतःचं चुकतंय हे कळतं तो माणूस फार लवकर खेकसतो.

गावानं नारळ फोडला. सरपंचानं साहेबांना हार घातला, साहेबांनी हरिबाला घातला. पुढारी म्हणाले, मळणवाडीचं नाव आता साता समुद्रापार गेलं. कुणी म्हणालं नाही की साता समुद्रापारची ओल मळणवाडीत आली.

पावसाळा लागला. हरिबा रोज सकाळी पेवापाशी जायचा, चीर पडलीय का बघायचा, पुन्हा लिंपायचा. श्रावणात एके दिवशी त्यानं लिंपणावर तळवा टेकवला आणि तो चटकन मागं घेतला. माती उबदार लागत होती. वर झिमझिम चाललेली, आणि जमीन आजारी पोराच्या कपाळासारखी तापलेली. त्याला सगळं कळलं. तो तसाच एसटीनं सांगलीला गेला. साहेब दौऱ्यावर होते. आठवड्यानं परत गेला, तेव्हा भेटले.

“सायेब, पेव तापलंय. आत्ता उघडून काढलं तर निम्मं तरी हाताला लागंल.”

“आत्ता कसं उघडता येईल? उघडायची तारीख ठरलेली आहे. दिवाळीनंतर. अमेरिकेचे पाहुणे येणार आहेत बघायला.”

“आवं, पर सडायची तारीख पाव्हण्यास्नी इचारून ठरती व्हय?”

साहेबांनी घंटी वाजवली. शिपाई आत आला आणि हरिबा बाहेर आला. स्वतःच पेव फोडावं असं त्याच्या मनात शंभरदा आलं. पण लिंपणावर आता सरकारी लाखेची मोहोर होती. आपल्या आज्यानं खणलेल्या पेवाचं तोंड आपल्याला उघडायची चोरी झाली, हे त्याला फार लागलं.

दिवाळी झाली आणि तो दिवस उगवला. पेवापाशी मांडव पडला, खुर्च्या आल्या, पताका लागल्या. हरिबानं साहेबांना हात जोडून सांगितलं होतं की निदान एक दिवस आधी शिळा काढू द्या, वाफ जाऊ द्या. पण साहेब म्हणाले, पाहुण्यांसमोरच उघडायचं, त्यातच मजा आहे. पाहुणा चांगला सहा फूट उंच, तांबूस, घामाघूम झालेला, गळ्यात कॅमेरा. माणूस वाईट दिसत नव्हता. त्याच्याकडं अर्धा तास होता. त्या अर्ध्या तासात धुळानं पेवात उतरायचं, टोपली भरून वर यायचं आणि ओंजळभर मिलो पाहुण्यांच्या हातात द्यायचा, असं ठरलं होतं.

शिळा हलवली. आतून भपकन वाफ आली, आणि आंबलेल्या ताडीसारखा वास मांडवभर पसरला. पहिल्या रांगेतले रुमाल नाकाला लागले. हरिबानं कंदील पेटवून दोरीनं खाली सोडला. पाच हातांवर तो विझला. वर घेऊन परत पेटवला, परत सोडला. परत तिथंच विझला.

“वाऱ्यानं विझला असेल,” साहेब म्हणाले.

“सायेब, आत वारा असता तर त्येला पेव कशाला म्हणलं असतं? हीर म्हणलं असतं. वाफ धरलीया. उद्या दुपारपतूर कुणी खाली जायचं न्हाई.”

साहेबांनी मनगटावरचं घड्याळ बघितलं. पाहुण्याकडं बघितलं. आणि मग उंटावरच्या शहाण्याला सुचावं तसं त्यांना सुचलं. जीपमधून त्यांनी लांबलचक बॅटरी मागवली. “कंदील जुना झाला, बाबा. ही बांधा दोरीला. ही विझत नाही.”

बॅटरी खाली गेली. पाच हात गेली, दहा हात गेली, पार तळाशी गेली. उजेड लख्ख. साहेबांनी वाकून बघितलं आणि सगळ्यांना सांगितलं, “बघा, अगदी खालपर्यंत उजेड आहे.” आणि माणसांनी टाळ्या वाजवल्या! ज्यांचे बाप-आजे कंदील विझला म्हणून पेवापासून दहा पावलं मागं सरायचे, त्या मळणवाडीच्या शहाण्यासुरत्या माणसांनी टाळ्या वाजवल्या.

धुळाच्या कमरेला दोर बांधलेला होता. त्याच्या घरी सात तोंडं होती आणि साहेबांनी त्याला एक पोतं कबूल केलं होतं. तो कडेला बसला आणि त्यानं पाय आत सोडले.

“धुळा, पाय वर घे,” हरिबा म्हणाला.

“तात्या, उजेड दिसतोय की खालपतूर.”

“आरं, ती बॅटरी श्वास घेती का रं?”

धुळा थांबला. साहेब चिडले. त्यांनी तोच घडी घातलेला कागद खिशातून काढला आणि हरिबाच्या नाकासमोर नाचवला. “यावर स्पष्ट लिहिलंय, माल उत्तम आहे. उत्तम माल तापत नाही. विनाकारण माणसांना घाबरवू नका.”

हरिबानं कागद त्यांच्या हातातून अलगद काढून घेतला. काडी ओढली, कागदाच्या कोपऱ्याला लावली, आणि चांगला भडकल्यावर पेवाच्या तोंडात सोडून दिला. सगळे वाकून बघत होते. जाळ हेलकावे खात खाली गेला आणि पाच हातांवर कुणी चिमटीत धरावा तसा विझला. काळा तुकडा बॅटरीच्या उजेडातून गिरक्या घेत तळाशी जाऊन पडला. धुळानं मुकाट्यानं पाय वर घेतले.

पाहुण्यानं साहेबांना काहीतरी विचारलं आणि साहेबांनी हसतमुखानं उत्तर दिलं. शाळेचे मास्तर शेजारी उभे होते, त्यांना इंग्रजी कळत होतं. त्यांनी नंतर सांगितलं. साहेब म्हणाले होते, पेव उघडण्याआधी अग्नीला कागद वाहण्याची इथली फार जुनी रीत आहे. पाहुणा खूश झाला. त्याचा फोटो राहिला होता, म्हणून त्यानं विनंती केली की रीत पुन्हा एकदा करून दाखवावी. साहेबांनी लगोलग वहीतलं एक कोरं पान फाडून हरिबापुढं धरलं.

हरिबानं ते घेतलं नाही. तो पेवाच्या तोंडावर आडवी फळी टाकून तिच्यावर मांडी घालून बसला. “कुणाला उतरायचं त्येनं माझ्या अंगावनं जाऊन उतरावं,” म्हणाला. पाहुण्यानं त्याचाही फोटो काढला. मग अर्धा तास संपला आणि जीपा धुरळा उडवत निघून गेल्या.

दुसऱ्या दिवशी दुपारी कंदील तळापर्यंत जळला, तेव्हा धुळा उतरला. टोपलीतून काळी ढेकळं वर आली. कडेचा माल पार सडलेला, मधला तांबड्याचा तपकिरी झालेला, आणि हाताला गरम. धुळा जिवंत वर आला, एवढीच त्या हंगामाची कमाई. हरिबाला वाटलं, आता तरी संपलं. हे बघून कुठलाही शहाणा माणूस म्हणेल की खड्ड्यात घाला.

पण साहेब शहाणे नव्हते, हुशार होते. त्यांनी ढेकळं बडवून फोडायला लावली आणि सगळा माल खळ्यावर चार दिवस उन्हात पसरवला. वैशाखात ज्या उन्हाला मंजुरी लागत होती ते आता तोंडी हुकमानं मिळालं. पाचव्या दिवशी पोती भरली गेली. अहवालात लिहिलं गेलं: ‘रंगात किंचित फरक. मानवी आहारास हरकत नाही.’

हरिबा त्यांच्या जीपला आडवा झाला. “सायेब, पाया पडतो. गुरापुढं टाकलं तर गुरंबी मान फिरवतील. नदीत सोडा ह्ये.”

“समुद्र ओलांडून आलेलं धान्य नदीत सोडायचं? पाहुण्यांना काय सांगू मी?”

“आन् माणच्या लोकास्नी काय सांगशीला?”

“त्यांना सांगायचं नसतं, बाबा. वाटायचं असतं,” साहेब म्हणाले. ते रागानं म्हणाले नाहीत, अगदी समजावून म्हणाले. हरिबाला त्याचीच जास्त किळस आली.

आठ दिवसांनी हरिबाला नोटीस आली. सडलेल्या धान्याबद्दल तिच्यात अक्षर नव्हतं. सरकारी दस्तऐवज जाळल्याबद्दल खुलासा मागितला होता. मास्तरांनी ती वाचून दाखवली आणि सांगितलं की जाळलेल्या कागदाची नक्कल सोबत जोडलीय. अशा आणखी तीन नकला कचेरीत आहेत. हरिबानं नोटीस घडी करून कोनाड्यात ठेवली. त्याच्या डोक्यात एकच गोष्ट होती. पोती निघायच्या आत अंजनाच्या घरात खायचं काहीतरी पोचलं पाहिजे.

घरात सरकारला सक्तीची लेव्ही घालून उरलेला शाळू होता. पांढराशुभ्र, टपोरा. बी काढून ठेवलं तेव्हा दोन पायल्या हाताशी राहिल्या. त्या त्यानं पिशवीत बांधल्या, वर धोतर टाकलं आणि एसटीत बसला. एका जिल्ह्याची ज्वारी दुसऱ्या जिल्ह्यात न्यायला बंदी होती हे त्याला ठाऊक होतं. पण ती व्यापाऱ्यांसाठी, असं त्यानं धरलं होतं. बापानं लेकीला दोन पायल्या दाणे नेण्याला व्यापार कोण म्हणेल?

दिघंचीच्या पुढं, जिल्ह्याच्या हद्दीवर, रस्त्यात आडवा बांबू होता. एसटी थांबली. पहारा करणारा लालासाहेब पूर्वी पलटणीत होता. मिशा अजून पलटणीतल्याच होत्या. त्यानं पिशवी चाचपली आणि हरिबाला खाली उतरवलं.

“ज्वारी न्हाई न्हेता येत, बाबा. परत जा, न्हाईतर हितं जमा करा.”

“लेकीला चाललोय रं. दोन पायल्या हायत.”

“दोन असूद्या न्हाईतर दोनशे. हुकूम म्हंजी हुकूम.”

एसटी निघून गेली. तेवढ्यात मागून लॉरी आली. पोत्यांवरची धुळाच्या हातची शिवण हरिबानं लांबूनच ओळखली. लालासाहेबानं ड्रायव्हरच्या हातातला कागद बघितला, बांबू वर केला, आणि जुन्या सवयीनं सलामही ठोकला. लॉरी गेली. मागं रस्त्यावर तो आंबूस वास रेंगाळत राहिला.

“त्या लॉरीत काय हाय, ठावं हाय का तुला?” हरिबानं विचारलं.

“मिलो.”

“सडलाय त्यो. माझ्याच पेवात सडलाय. त्यो जातोय, आन् ह्ये चांगलं धान न्हाई जात?”

लालासाहेबानं खिशातून हुकमाची प्रत काढली. माणूस दुष्ट नव्हता. त्यालाही वाचून बघावंसं वाटलं. “ज्वारी. ज्वारीचं पीठ. ज्वारीची कणी. ह्येला बंदी. मिलोचं नाव न्हाई ह्यात.”

“भाकरीचं हाय?”

लालासाहेबानं कागद उलटा करून पाठीमागं बघितलं. “भाकरीचं काय लिवल्यालं न्हाई.”

नाक्यापाशी चंद्राबाईचं चहाचं खोपट होतं. तिच्या घरी जातं होतं. हरिबानं तिच्यापुढं पिशवी ठेवली आणि काय हवंय ते सांगितलं. ती आधी हसली. मग त्याच्या तोंडाकडं बघून पदर खोचला आणि जात्यावर बसली. दुपार कलेपर्यंत ती थापत होती आणि हरिबा चुलीपाशी बसून शेकत होता. शेण्या कमी पडल्या तेव्हा लालासाहेबानं बांबू सोडून स्वतः आणून दिल्या. दोन भाकरी चंद्राबाईच्या पोरांना आणि एक लालासाहेबाला दिली. त्यानं ती कांद्याबरोबर उभ्या उभ्या खाल्ली आणि म्हणाला, “लय दिसांनी असली खाल्ली.” राहिल्या बेचाळीस. धोतरात त्यांची चवड बांधून हरिबा संध्याकाळच्या एसटीनं हद्द ओलांडून गेला. कुणी अडवलं नाही. लोकांचं पोट राखायला केलेला कायदा पाळायचा तर ज्वारी भाजून न्यावी लागते, हे त्याला साठी उलटल्यावर कळलं.

अंजनाच्या दारात तो पोचला तेव्हा दिवे लागले होते. पोरं वाळली होती. धोतर सोडलं आणि पांढऱ्या भाकरीचा वास सुटला, तशी पोरं चवडीवर पडली. थोड्या वेळानं दारात शेजारची दोन पोरं येऊन उभी राहिली. मग चार. मग एक म्हातारी, नुसतीच आल्यासारखी. अंजनानं एकेकाच्या हातावर भाकरी ठेवायला सुरुवात केली.

“अगं, तुला आणल्यात मी. कडक झाल्या तर धा दिस पुरतील,” हरिबा कळवळून म्हणाला.

“मग काय दार लावून खाऊ, आण्णा?” ती म्हणाली. तिला बापाच्या बोलण्याचं नवल वाटलं असावं.

रात्रीच्या जेवणानंतर धोतरात तीन भाकरी उरल्या.

सकाळी रेशनच्या दुकानात धान्य आल्याची दवंडी झाली. अंजनानं कार्ड घेतलं, पिशवी घेतली. हरिबा आडवा झाला.

“पोरी, ते आणू नगं. खाण्याजोगं न्हाई ते.”

“मग काय खाऊ?” तिनं विचारलं.

तिच्या बोलण्यात राग नव्हता. तो तिच्या मागोमाग गेला आणि तिच्याबरोबर रांगेत उभा राहिला. पुढं गावाची चाळीस माणसं होती. ज्यांना धान्य मिळालं होतं ती पिशवीत नाक घालून बघत होती आणि काही न बोलता घरी जात होती. रांग पुढं सरकली. दुकानदारानं पोत्यात माप घातलं, तसा अंजनानं वास घेतला. तिनं पुन्हा एकदा घेतला, आणि बापाकडं वळली.

“आण्णा, ह्येला हळदीचा वास येतोय. आपल्या पेवात येतो ना, तसा.”

सांगावं असं हरिबाच्या ओठांवर आलं. भरताना मीच म्हणालो, आणा रं पोती. तुझ्याच पायी म्हणालो. पण मागं माणसांची रांग उभी होती, आणि अंजनाच्या डोळ्यांत माहेरचा वास ओळखल्याचा आनंद होता. त्याला स्वतःची एवढी लाज आयुष्यात कधी वाटली नव्हती.

“पिशवी नीट धरा की, म्हातारबा,” दुकानदार ओरडला. “सांडंल.”

हरिबानं पिशवीचं तोंड दोन्ही हातांनी फाकवून धरलं.